नादारीचा अर्ज

१९७६ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मुंबईत फोर्ट भागातल्या एका धर्मादाय संस्थेच्या कचेरीत मी मुलाखतीसाठी बसलो होतो. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश मिळाला होता. पहिल्या सत्राची फी कशीबशी भरून झाली होती. वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होता. समोर तीन सद्गृहस्थ बसले होते. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला पाहिला. मग मधल्या गृहस्थांनी विचारले, "घरी रेडिओ आहे का?"

मी "हो" म्हणालो. गावात वडिलांचे शिवणकामाचे छोटे दुकान होते आणि दुकानात रेडिओ होता हे खरेच. पण तो एका गिऱ्हाइकाने थकलेल्या शिलाईपोटी आणून ठेवलेला जुना रेडिओ होता. एवढे सगळे सांगायचे मला त्या वेळी सुचले नाही. "बरं, कळवू," असे उत्तर मिळाले आणि आठवड्याने पोस्टकार्ड आले. विनंती मान्य करता येत नाही, एवढाच मजकूर. कारण दिलेले नव्हते. रेडिओमुळेच अर्ज फेटाळला गेला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गावी गेल्यावर वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, मग सांगायचं ना, तो आपला नाही म्हणून!" आज तीच गोष्ट मी रेडिओवरून सांगतो आहे, याची गंमत वाटते.

पुढे मी समाजकार्य शिकलो, शिकवले आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून मुलांचे अर्जही वाचले. तेव्हापासून तो प्रश्न मनात घर करून राहिला. रेडिओचा आणि शिक्षणाचा संबंध काय? गरज सिद्ध करायची म्हणजे नेमके काय करायचे? आणि हा प्रश्न विचारायची रीत आली कुठून?

आपल्याकडे या व्यवहाराला एक जुना शब्द आहे, नादारी. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. शाळेत पूर्वी पूर्ण नादारी आणि अर्धी नादारी असे. आमच्या वर्गात गुरुजी नादारीच्या मुलांची नावे मोठ्याने वाचत आणि त्या मुलांनी उभे राहायचे असे. फी माफ होई. पण आपल्यापाशी काही नाही, हे चारचौघांत कबूल केल्यावर. शिष्यवृत्तीचा इतिहास पाहताना मला वाटते, की तो या उभे राहण्याचा आणि हळूहळू खाली बसण्याचा इतिहास आहे.

माझ्या विषयापुरते बोलायचे तर त्याची सुरुवात लंडनमध्ये करावी लागते. १८६९ साली तिथे 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' स्थापन झाली. शहरात अनेक धर्मादाय संस्था होत्या. कोणी दोन ठिकाणी मदत घेई, कोणाला कुठेच मिळत नसे. त्यात शिस्त आणावी, हा सोसायटीचा हेतू. त्यासाठी अर्जदाराच्या घरी जायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करायची आणि हा मदतीला 'पात्र' गरीब की 'अपात्र', हे ठरवायचे अशी पद्धत पडली. पुढे अमेरिकेत मेरी रिचमंड या बाईंनी १९१७ साली 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ लिहून या चौकशीला शास्त्राचे रूप दिले. केसवर्क, म्हणजे एकेका व्यक्तीची अडचण समजून घेऊन मदत करण्याची पद्धत, जगभर शिकवली जाते ती या पायावर. रिचमंडबाईंचा भर माणूस समजून घेण्यावर होता, त्याला दोषी ठरवण्यावर नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पण कचेरीतल्या टेबलावर आली ती बहुधा नुसती चौकशीच. घरी रेडिओ आहे का, हा प्रश्न त्याच घराण्यातला.

लंडनमध्येच त्याच काळात याहून वेगळा एक विचार पुढे येत होता आणि त्याला पैसा मिळाला मुंबईतून. १९१२ साली सर रतन टाटांच्या देणगीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये 'रतन टाटा फाउंडेशन' सुरू झाले. दारिद्र्याची कारणे आणि ते टाळण्याचे उपाय शोधणे हे त्याचे काम होते. आर. एच. टॉनी हे अर्थेतिहासकार त्याचे संचालक झाले. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले क्लेमंट अॅटली त्या काळी याच संस्थेत समाजशास्त्रीय प्रशासनाचे अध्यापन करीत. इंग्लंडमधल्या गरिबीच्या अभ्यासाला हिंदुस्थानातला पैसा लागला, हे आपल्या फारसे लक्षात नसते. पण महत्त्वाचे हे, की इथे प्रश्न उलटा केला गेला. हा माणूस मदतीला पात्र आहे का, असे न विचारता, इतकी माणसे गरीब का राहतात, असे विचारले गेले.

टाटा घराण्याने शिष्यवृत्तीचा एक निराळा नमुना आधीच घालून दिला होता. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी निधी सुरू केला. सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या. ही शिष्यवृत्ती कर्जाऊ होती. शिका, कमवा आणि परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या कामी येईल, असा हिशोब. घेणाऱ्याची मान त्यात ताठ राहते. मात्र शिक्षणानंतर चांगली मिळकत होईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्याबाबत ते खरे ठरते. समाजकार्याच्या पदवीधराला संस्थेत मिळणाऱ्या पगारात कर्ज फेडणे किती कठीण जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

तिसरा नमुना संस्थानिकांचा. त्यातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण बडोद्याचे. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शब्दाखातर सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना बी. ए.साठी दरमहा २५ रुपये दिले. नंतर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी जून १९१३ मध्ये करारनामा झाला. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशा अटी होत्या. त्या काळच्या मानाने हे फार मोठे औदार्य होते, यात शंका नाही.

पण पुढे काय झाले? शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून आंबेडकर १९१७ साली परत आले आणि कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. कोलंबियाची पदवी मिळवलेल्या या माणसाला बडोदे शहरात राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून घालवून दिले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. शिष्यवृत्तीने फी भरली, बोटीचे भाडे भरले, न्यूयॉर्कमधली खोली मिळवून दिली. बडोद्यातली खोली ती मिळवून देऊ शकली नाही. राजाची मर्जी मोठी असली तरी ती एका माणसापुरती असते. जगण्याची रीत बदलायला ती पुरत नाही.

हे स्वतः भोगलेला माणूस पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला, तेव्हा त्याने काय मागितले ते पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये डॉ. आंबेडकरांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांबद्दल सविस्तर निवेदन दिले. अलीगढ आणि बनारस विद्यापीठांना सरकार अनुदान देते, तर या वर्गाच्या उच्च शिक्षणासाठीही सरकारी तिजोरीतून तरतूद हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. महाविद्यालयांच्या आवारात मुले जिला नुसते 'जीओआय' म्हणतात, म्हणजे गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया, तीच ही योजना. इथे एक मोठा फरक झाला. एखाद्या दिवाणाची किंवा विश्वस्ताची ओळख लागेनाशी झाली. नियमात बसतो त्याला मिळणार. मर्जीची जागा नियमाने घेतली. केळुसकर गुरुजींसारखा शब्द टाकणारा माणूस प्रत्येक मुलाला कुठून मिळणार? ज्याला तो मिळाला होता, त्यानेच पुढच्यांना त्याची गरज पडू नये अशी सोय केली.

आता समाजकार्याच्या शिक्षणाकडे वळू. आपल्या देशात त्याची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली. डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ भायखळ्याजवळ नागपाड्यात 'नेबरहूड हाऊस' चालवीत. गिरणी कामगारांच्या आणि गरिबांच्या त्या दाट वस्तीतच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. १९४४ साली त्याचे नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले आणि १९५४ साली ती संस्था देवनारला गेली. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ साली नागपुरात मातृसेवा संघाची संस्था, १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी महाराष्ट्रात ही शाखा पसरली.

या शिक्षणाचा एक विशेष आहे. आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो. झोपडपट्टीत, इस्पितळात, बालगृहात किंवा खेड्यात असतो. याला आम्ही क्षेत्रकार्य म्हणतो. परत आल्यावर त्याचे अहवाल लिहायचे आणि सुट्टीतही महिनाभर एखाद्या संस्थेत राबायचे. त्यामुळे कला किंवा वाणिज्य शाखेचा मुलगा सकाळी कॉलेज करून दुपारी दुकानात काम करू शकतो, तसे या विद्यार्थ्याला जमत नाही. जाण्यायेण्याचा खर्च मात्र रोजचा असतो. म्हणून आमच्या शाखेत शिष्यवृत्ती ही वरची साय नसते, तिच्यावरच मुलांचे रोजचे जेवण असते.

आणि यात एक विसंगतीही आहे. दिवसा हा विद्यार्थी दुसऱ्या कुटुंबाची केस लिहितो. घरात माणसे किती, कमावते किती, कर्ज किती, आजारपण कोणाचे. रात्री वसतिगृहात बसून तोच आपल्या घराची तीच माहिती अर्जात भरतो. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून लिहिले आहेत. पहिल्यात माणसाचा आत्मसन्मान राखावा, असे आम्हाला शिकवले जाई. दुसऱ्यात तो राखायची सोय नव्हती.

त्या वर्षी माझे निभावले ते असे. रेक्टर सरांनी मेसचे बिल दिवाळीनंतर भरायला सांगितले आणि दुसऱ्या एका संस्थेची कर्जाऊ शिष्यवृत्ती जानेवारीत हाती आली. मधल्या सहा महिन्यांत माझ्याबरोबरचे दोघे जण शिक्षण सोडून गावी गेले. दोघांच्याही शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या होत्या. पैसे आले तेव्हा ते नव्हते.

शिष्यवृत्तीच्या इतिहासात ही उशिराची गोष्ट कुठे लिहिलेली नसते. योजना कोणत्या साली निघाली, तरतूद किती, लाभार्थी किती, हे कागदावर मिळते. राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीमाफी दिली. माझ्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळांना 'बाराशेचा दाखला' अजून आठवत असेल. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असल्याचा तलाठ्याचा कागद हातात आला, की कॉलेजचे दार उघडे. त्या सवलतीने खेड्यापाड्यांतली एक अख्खी पिढी शिकली. परंतु मंजुरी आणि पैसे यांच्यात जे महिने जातात, त्या महिन्यांत विद्यार्थी काय खातो, कोणाकडून उसने घेतो, हे कुठल्याच अहवालात नसते. उशीर झाला, की नियमाने मिळालेला हक्क पुन्हा मर्जीवर येतो. रेक्टर चांगला असेल, मेसवाला सांभाळून घेणारा असेल, तर मुलगा टिकतो.

हा प्रश्न फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळ्या देशासमोर आला. टाटा इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणी वर्गांवर बहिष्कार टाकला. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातल्या शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या आणि मेसच्या पैशांत जी सवलत होती, ती काढून घेऊ नये, अशी त्यांची मागणी होती. सरकारी पैसा मागाहून येतो, तोवर खर्च सोसायचा कोणी, विद्यार्थ्याने की संस्थेने, असा तो वाद. संस्थेची पैशाची ओढाताण खरी होती आणि मुलांची अडचणही खरी होती. मला त्या बातम्या वाचताना आमची १९७६ सालची मेस आठवत होती.

त्यानंतर बदल झाले. महाराष्ट्रात अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरणे सुरू झाले होतेच. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांच्या ५९,०४८ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले ३५,५३४ कोटी केंद्राचे आणि बाकीचे राज्यांचे, म्हणजे ६० आणि ४० टक्के असे प्रमाण ठरले. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करायचे ठरले. फी आधी न भरता प्रवेश मिळावा म्हणून 'फ्रीशिप कार्ड'ची तरतूदही नियमांत आली. म्हणजे आपली जुनी नादारीच. फक्त आता कोणी वर्गात उभे करीत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. २०१४ साली मी एका महाविद्यालयाच्या साहाय्य निधी समितीवर होतो. निधी लहान, अर्ज पुष्कळ. मराठवाड्यातली एक मुलगी मुलाखतीला आली. दुष्काळी गाव, वडील ऊसतोडीला जाणारे. कागद सगळे व्यवस्थित होते. तिच्या हातात मोठ्या पडद्याचा मोबाइल दिसला आणि मी म्हणालो, "फोन तर चांगला दिसतोय."

ती गडबडली नाही. तिने फोन टेबलावर ठेवला. म्हणाली, "सर, हा माझ्या मावसभावाचा आहे. फिल्डवर्कचे रिपोर्ट टाइप करायला कम्प्युटर नाही, म्हणून वर्षभरासाठी त्याने दिलाय. यावरच लिहिते."

खोलीत कोणीच काही बोलले नाही. अडतीस वर्षांपूर्वी मला जे सांगता आले नव्हते, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. पण ती बोलकी होती म्हणून. जी बोलकी नाहीत, त्या मुलांचे काय झाले असेल? माझ्याकडून असे किती प्रश्न विचारले गेले असतील? मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना जे शिकवू नये म्हणून सांगत आलो, तेच करीत होतो.

त्या दिवसानंतर आम्ही अर्जाचा नमुना बदलला. घरात काय काय आहे, हे विचारणे बंद केले. त्याऐवजी तीनच आकडे मागितले. महिन्याला किती लागतात, त्यातले किती जुळले आणि किती कमी पडतात. 'तुम्हाला मदतीची गरज का आहे' या शीर्षकाखालचा अर्ध्या पानाचा रकाना काढून टाकला, कारण तिथे मुले आपल्या घरातली मरणे आणि आजारपणे लिहीत आणि ज्याची भाषा चांगली त्याचे दुःख आम्हाला मोठे वाटे. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यायचे, असे ठरवले. आणि होकार द्यायचा तर पैसे कोणत्या तारखेला मिळतील, ते पत्रातच लिहायचे. शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड गेले. पण तोच मुलांच्या सर्वांत उपयोगी पडला. तारीख हातात असली, की मेसवाल्याशी बोलता येते.

यंदा अर्ज करणाऱ्या मुलामुलींना अनुभवाच्या जोरावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, आधारशी जोडलेले बँक खाते, हे सारे प्रवेशाची यादी लागण्यापूर्वी जमवायला घ्या; यादी लागल्यावर सेतू केंद्रावर रांग लागते. भरलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत जवळ ठेवा. आणि अर्जात गयावया करू नका, हिशोब लिहा. बसचे भाडे किती, मेस किती, झेरॉक्स किती, हे रुपयांत मांडलेले वाचणाऱ्यालाही बरे पडते.

आणि जे समितीवर बसतात, त्यांना एकच विनंती आहे. समोर बसलेला हा विद्यार्थी दोन वर्षांनी एखाद्या इस्पितळात, बालगृहात किंवा तालुक्याच्या कचेरीत टेबलाच्या पलीकडे बसणार आहे. कोणाला मदत द्यायची, हे तो ठरवणार आहे. प्रश्न कसे विचारायचे, हे तो पुस्तकातून शिकतो त्याहून जास्त आपल्याकडून शिकतो. मी फोर्टमधल्या त्या कचेरीत एकदाच गेलो होतो, दहा मिनिटांसाठी. आणि तिथला प्रश्न अडतीस वर्षांनी माझ्याच तोंडून बाहेर पडला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)